बिल्टीवर नसलेली माणसं

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात सकाळी पहिल्या चहाबरोबर केळीचा भाव विचारतात. नवती काय निघाली, पिलबाग काय, वापसीला कुणी हात लावतंय का. केळीच्या प्रतींची ही नावं. गाव छोटं, नगरपालिकेचं. पण इथल्या भावावर दिल्ली-पंजाबातल्या आडत्यांचं लक्ष असतं. गावातून जाणारा रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग म्हणून ओळखला जातो. पूर्वेला रावेर, पश्चिमेला फैजपूर, यावल, किनगाव, चोपडा. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला तापी. या पट्ट्यातलं जवळजवळ सगळं फळ याच रस्त्याने बाहेर पडतं आणि फळ काढणारी माणसंही याच रस्त्याने घरी जातात. पुष्कळदा दोघांचं वाहन एकच असतं.

रविवार, १४ फेब्रुवारी २०२१. मध्यरात्रीच्या सुमारास धुळ्याच्या बाजूने रावेरकडे निघालेला पपईचा ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. पपईच्या वर मजूर बसले होते. आभोडा, केऱ्हाळा, रावेर इकडची ही माणसं. फळ भरायला गेलेली आणि काम आटोपून त्याच ट्रकने परत निघालेली. पंधरा जण गेले. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. ट्रक सरळ गेला असता तर तासाभरात सावदा लागलं असतं.

सोमवारी सकाळी टीव्हीवर रस्त्याच्या कडेला पसरलेल्या पपया दिसत होत्या. पंतप्रधानांनी शोक व्यक्त केला, मृतांच्या वारसांना पंतप्रधानांच्या मदतनिधीतून प्रत्येकी २ लाख आणि गंभीर जखमींना ५० हजार रुपये जाहीर झाले. राज्य सरकारनेही मदत जाहीर केली. पहिल्या बातम्यांत कारण एका ओळीत होतं: चालकाचं नियंत्रण सुटलं. आपल्याकडे ट्रक उलटला की ही ओळ तयारच असते. ती खोटी नसते, पण ती ट्रकच्या केबिनपासून सुरू होते. गोष्ट मात्र त्याच्या कितीतरी तास आधी, बांधावर सुरू झालेली असते.

*

ट्रक कसा भरतात ते एकदा बांधावर उभं राहून बघण्यासारखं आहे. केळीचं म्हणाल तर एक जण घड कापतो, दुसरा तो डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणतो. ट्रकमध्ये उभा असलेला थर लावतो. तळाला आणि कडेला केळीची पानं, कारण लोखंडाला लागलेला घड दोन दिवसांत काळा पडतो. आता खोक्यांत भरलेली केळीही निघते, तरी सुट्या घडांचे ट्रक काही संपलेले नाहीत. पपईचं आणखी नाजूक. प्रत्येक फळ रद्दीच्या कागदात गुंडाळायचं, देठ सांभाळायचा, एकावर एक रचायचं. धुळे-नंदुरबारकडच्या पपईला उत्तरेत मागणी, त्यामुळे हंगामात इकडच्या मजुरांच्या टोळ्या तिकडे जातात. ज्याच्या हाताने थर नीट बसतो, त्या माणसाला मुकादम सोडत नाही.

मजुरी टनावर किंवा गाडीवर. त्यामुळे गाडी भरल्याशिवाय कुणी हलत नाही, मग रात्र झाली तरी चालेल. शेवटी ताडपत्री ओढतात, आडवे-उभे दोर टाकतात, हुकाला गाठ मारतात, फाळक्यावर पाय रोवून एकदा जोरात ताणतात. गाडी बांधून झाली. दोर कितीचा ताण सोसतो, किती दोर लागतात, गाठ कोणती, याचं मोजमाप कुणाजवळ नाही. अंदाज मात्र चांगला असतो, पिढ्यांचा असतो. एवढंच की तो अंदाज फळ दबू नये यासाठी असतो, गाडी वळणावर उलटू नये यासाठी नव्हे.

आणि मग माणसं वर चढतात. गावाकडे जाणारी शेवटची एसटी कधीच गेलेली असते. वेगळी जीप केली तर तिचं भाडं कोण देणार? व्यापारी म्हणतो मुकादमाने बघावं, मुकादम म्हणतो गाडी तिकडेच चाललीय. केबिनमध्ये चालक, क्लीनर आणि फार तर मुकादम. बाकीचे वर. थंडीचे दिवस असतील तर ताडपत्रीचा कोपरा अंगावर ओढून घेतात. दिवसभराच्या कामाने झोप लागते. फळाचा थर मऊ असतो.

*

यातलं यंत्रशास्त्र फार अवघड नाही. उभ्या घागरीला धक्का दिला तर ती डगमगते, परात डगमगत नाही. वजन जितकं उंच, तितकी गाडी उलटायला सोपी. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० च्या वेगाला जो जोर असतो, तो ६० ला दुप्पट होत नाही, चौपट होतो. माल घट्ट आवळलेला असेल तर तो गाडीबरोबर वळतो. सैल असेल तर आधी गाडी वळते, मग अर्ध्या क्षणाने माल बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि चालकाने सावरायला स्टिअरिंग उलटं फिरवलं की सगळं वजन दुसऱ्या अंगाला येतं. फळाचा माल प्रवासात खचतो. खड्ड्यांनी थर दबतात आणि निघताना ताणलेला दोर काही तासांत लोंबायला लागतो.

आता वर वीस माणसं बसली आहेत असं धरा. माणशी ५० किलो म्हटलं तरी एक टन. हा एक टन फाळक्याच्या वर, सगळ्यात उंच जागी, कशालाही न बांधलेला. ट्रकवाला कधी पपईचा एक टन असा टपावर मोकळा ठेवून निघेल का? फळ सांडेल म्हणून नाही निघणार.

किनगावला नेमकं काय आधी झालं, वेग जास्त होता की रस्ता खराब की आणखी काही, यावर मी निकाल देत नाही. पण गाडी आडवी झाली की वर बसलेल्याचं काय होतं, यात शंका घ्यायला जागा नाही. तो आधी खाली पडतो आणि मग माल त्याच्यावर येतो.

हे फक्त खानदेशात घडतं असंही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात फरशीने भरलेला ट्रक उलटून त्यावर बसलेले किमान दहा मजूर मेले. मे २०२० च्या टाळेबंदीत मध्य प्रदेशात नरसिंहपूरजवळ आंब्याचा ट्रक उलटला. हैदराबादहून उत्तरेकडे घरी निघालेले मजूर आंब्यांवर बसले होते. किनगावनंतर सहा महिन्यांनी, २० ऑगस्ट २०२१ ला, सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामाच्या लोखंडी सळ्या घेऊन निघालेला टिप्पर उलटला. सळ्यांवर मजूर होते, तेरा गेले. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात यल्लापूरच्या घाटात भाजी-फळांचा ट्रक दरीत गेला आणि बाजाराला निघालेले दहा विक्रेते मेले. फरशी, आंबे, सळ्या, भाजी. माल बदलतो, बसण्याची जागा तीच.

*

कायदा काय म्हणतो? कायदा पुष्कळ म्हणतो, आणि काही ठिकाणी चक्रावून टाकणारं म्हणतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त माल भरला तर २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार. माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरी २० हजार. काट्यावर थांबायला नकार दिला तर ४० हजार. नुसता दंड भरूनही सुटका नाही, जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं होतं की दंड भरून तीच गाडी तशीच पुढे सोडणं चालणार नाही. मागे सळ्या वगैरे एक मीटरपर्यंत बाहेर काढायची सवलत होती, तीही २०१४ मध्ये गेली.

मर्यादा मात्र सरकारनेच जुलै २०१८ मध्ये सैल केल्या. तीन आसांच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, सर्वांत मोठ्या गाड्यांचं ४९ वरून ५५. कारण असं दिलं की गाड्या आणि रस्ते सुधारले आहेत. गाड्या सुधारल्या हे खरं. रस्त्यांबद्दल आमच्याकडच्या लोकांना विचारा.

त्याच कायद्याचं पुढचं कलम १९४अ. वाहतुकीच्या वाहनात परवानगीपेक्षा जास्त माणसं असतील तर दंड दर जादा माणसामागे २०० रुपये. आता वरचाच हिशोब पुन्हा करा. पपईचा एक टन जास्त असेल तर २२ हजार. माणसांचा एक टन, म्हणजे वीस जण, जास्त असतील तर ४ हजार. निष्पक्ष राहायचं तर हेही सांगितलं पाहिजे की मालवाहू गाडीत माणसं बसवणं हा परवान्याच्या अटींचाही भंग आहे आणि त्याला कलम १९२अ खाली १० हजारांचा दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ पासून मालवाहू गाडीतून माणसं नेणाऱ्या चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला सांगितलं आहे. तरीही ते २०० रुपये डोक्यातून जात नाहीत.

१९४अ मध्ये एक वाक्य मात्र भलं आहे. जादा माणसं उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय झाल्याशिवाय ती गाडी हलवू द्यायची नाही. दुसऱ्या वाहनाची सोय! हे वाचून मला रात्री साडेअकराचा चौक डोळ्यांसमोर आला. पोलिसाने ट्रक अडवला आहे, वीस जणांना खाली उतरवलं आहे, त्यांत दोन मुलं झोपेत रडताहेत, आणि आता सोय करायची आहे. जेवढ्या वेळा ट्रक 'जाऊ द्या, गरीब माणसं आहेत' म्हणून सोडला जातो, तेवढ्या वेळा लाचच असते असं नाही. कधी खरोखर दया असते. त्या दयेनेही माणसं मेली आहेत.

*

अपघातानंतर गुन्हा नोंदतात तो चालकावर. २०२१ मध्ये भारतीय दंड संहिता होती: हयगयीने मृत्यू, कलम ३०४अ, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तेच कलम १०६ झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. पण आरोपीच्या जागी बहुधा तोच एकटा. वास्तविक कलम १९४ चे शब्द नीट वाचले तर ते फक्त चालवणाऱ्याला धरत नाहीत. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही धरतात. गाडीचा मालक त्यात बसतो. 'अजून दोनशे किलो घे, जागा आहे' असं बांधावरून सांगणारा व्यापारीही बसू शकतो. त्याच्यापर्यंत जायचं तर पोलिसांना बांधापर्यंत जावं लागेल, मुकादमाचा जबाब घ्यावा लागेल, फोनचे तपशील काढावे लागतील. चालक तर दवाखान्यातच सापडलेला असतो.

शिक्षेपेक्षा घरच्यांना जास्त गरज असते ती भरपाईची, आणि इथे पायाखालची जमीन खरी सरकते. ट्रकला विमा असतो, तो सक्तीचाच आहे. घरचे म्हणतात विमा कंपनी देईल. मालवाहू गाडीवर बसून जाणाऱ्या माणसाला विमा कंपनी देणं लागते का, या एका प्रश्नावर देशात किती वर्षं गेली ते बघा. १९९४ च्या नोव्हेंबरात कलम १४७ मध्ये दुरुस्ती झाली आणि गाडीतून जाणारा 'मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी' विम्याच्या छत्रीखाली आला. डिसेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या खटल्यात छत्री आणखी मोठी केली: फुकट बसलेला प्रवासीही त्यात. तीनच वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते उलटवलं. मालवाहू गाडीतल्या फुकट्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, गाडीच्या मालकावर. २००४ मध्ये आणखी एका खटल्यात न्यायालयाने असं केलं की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. पुढे २००७ मध्ये आणखी बारीक झालं. मालाचा मालक असला तरी तो केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. मालावर बसून जाणारा त्या छत्रीत नाही.

'फुकट प्रवासी' हा शब्द मला खटकतो. बारा तास फळ भरून त्याच गाडीने घरी जाणारा माणूस कुठल्या अर्थाने फुकट बसला? तो मजूर आहे. आणि किनगावच्या वेळी मजुरासाठी कायद्यात वेगळी तरतूद होतीच: मालवाहू गाडीतून नेल्या जाणाऱ्या कामगाराची जबाबदारी १९२३ च्या भरपाई कायद्यापुरती विम्यात धरलेली होती. ट्रकमालकाच्या वकिलापासून मजुरांच्या वकिलापर्यंत सगळे या ओळीवर येऊन थांबतात. पण कामगार कुणाचा? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये नॅशनल इन्शुरन्सच्या खटल्यात याचं उत्तर दिलं. विमा काढणाऱ्याचा, म्हणजे गाडीमालकाचा कामगार. गाडी भाड्याने घेणाऱ्याचा किंवा मालाच्या मालकाचा कामगार त्यात येत नाही.

हे आपल्या बांधावर आणून बघा. मजूर मुकादमाने आणले. मुकादमाला व्यापाऱ्याने सांगितलं. गाडी व्यापाऱ्याने भाड्याने घेतली. गाडीमालक बहुधा तिसऱ्याच गावचा, त्याने या मजुरांचं तोंडही पाहिलेलं नाही. म्हणजे मजूर गाडीमालकाचे नाहीत आणि विमा कंपनी सुटली. गाडीमालकाने जादा हप्ता भरून हमालांना पॉलिसीत घेता येतं, हप्ताही नाममात्र असतो. पण ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही असं तो मानतो, त्यांच्यासाठी तो कशाला भरेल?

राहिला व्यापारी. कायद्याच्या भाषेत मालक तो, कारण फळ विकत घेऊन भरून पाठवणं हा त्याचा धंदा आणि मुकादम हा त्याचा ठेकेदार. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याचं कलम १२ सांगत होतं की ठेकेदाराच्या मजुराची भरपाईही मूळ मालकाने द्यायची, नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. दार उघडं आहे असं वाटतं तोच त्याच कलमाच्या शेवटी एक पोटकलम आहे: अपघात मालकाच्या जागेवर किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेजवळ झालेला नसेल तर हे कलम लागू नाही. किनगावचा रस्ता कुठल्या व्यापाऱ्याच्या ताब्यात आहे? म्हणून चांगला वकील मुकादमाला ठेकेदार म्हणतच नाही. तो म्हणतो, मुकादम हा नुसता निरोप्या, मजूर थेट व्यापाऱ्याचे. हे सिद्ध करायला कागद लागतो. हजेरीपट नसतो, पगारपत्रक नसतं. कुठे मुकादमाच्या डायरीत नावापुढे उचल लिहिलेली असते, कुठे फोनवर 'उद्या बारा माणसं पाठव' असा निरोप असतो. तेवढ्यावर खटला उभा राहतो किंवा पडतो.

उभा राहिला तर काय मिळतं? जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा महिना ८ हजारांवरून १५ हजार झाली. मृत्यू झाला तर त्या पगाराचा निम्मा घ्यायचा आणि वयाच्या गुणकाने गुणायचा. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. पूर्ण पंधरा हजार पगार धरला तर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. महिन्याला नऊच हजार मिळत होते असं म्हटलं तरी ९ लाख ३५ हजारांच्या वर. जाहीर झालेले दोन लाख बघा आणि हे बघा. दोन लाख ही दया आहे, हे नऊ लाख देणं आहे. बातमीत दया येते.

आणखी एक वाट आहे. कामावरून घरी जाताना झालेला अपघात कामातलाच समजायचा का, यावर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला. धाराशिवकडचा साखर कारखान्याचा रखवालदार २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे ड्यूटीवर जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर मेला होता. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा दिसत असेल तर तो अपघात कामातलाच, असं न्यायालय म्हणालं. घरच्यांना ते ऐकायला बावीस वर्षं लागली. १९२३ च्या कायद्याची जागा घेऊन नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत जाण्या-येण्यातल्या अपघाताचा उल्लेख आता थेट आहे. भरलेल्या गाडीवर बसून घरी निघालेला मजूर यात बसवता येतो, असं मला वाटतं. कुणीतरी तो प्रश्न न्यायालयात विचारायला हवा.

*

याच्या शेजारी मालाचा कायदा ठेवून बघितला की मन विटतं. इंग्रजांनी १८६५ मध्ये माल वाहणाऱ्यांसाठी कायदा केला, त्याच्या जागी २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. दीडशे वर्षं त्यातलं एक तत्त्व हललेलं नाही. वाहतूकदाराच्या ताब्यात दिलेला माल गहाळ झाला किंवा नासला तर मालवाल्याने वाहतूकदाराची हयगय सिद्ध करायची गरज नाही. माल गेला, एवढं पुरे. पपईसाठी बिल्टी म्हणजे वाहतुकीची पावती आहे, काट्याची पावती आहे, भाव आहे. कुणाचा माल, कुठून कुठे, किती क्विंटल, सगळं लिहिलेलं. त्याच पपईवर बसलेल्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर नाही. ती त्या गाडीत होती हे तिच्या घरच्यांना सिद्ध करायचं, कुणाची मजूर होती हेही त्यांनीच, किती कमवत होती हेही त्यांनीच.

बाहेर असंच आहे का? नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत स्पष्ट आहे की माल असा बांधायचा की कचकन ब्रेक मारला किंवा एकदम गाडी वळवली तरी तो सरकता कामा नये, आणि तिथल्या व्यापारी कायद्याप्रमाणे माल सुरक्षित भरण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. अमेरिकेत बांधणीने पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या आठ-दशांश आणि बाजूंना निम्म्याएवढा जोर सोसला पाहिजे असं लिहूनच ठेवलं आहे. शिवाय चालकाने पहिल्या ५० मैलांच्या आत उतरून बांधणी परत तपासायची. आपला खचलेला थर आणि लोंबणारा दोर त्यांनाही माहीत होता, म्हणायचं. ऑस्ट्रेलियात तर 'जबाबदारीची साखळी' असं नावच आहे: पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक ठरवणारा, घेणारा, सगळे कायद्याने बांधलेले. तिथे अपघात झाला की पहिला प्रश्न 'गाडी कोण चालवत होता' एवढाच नसतो, 'गाडी कुणी भरली' हाही असतो.

आपल्याकडे ते शक्य नाही असं कुणी म्हणेल. सावद्याच्याच व्यापाराकडे बघा. इथून रेल्वेने केळी जाते तेव्हा वॅगनमध्ये काय चढलं याची नोंद असते, आणि घडांवर मजूर बसवून गाडी दिल्लीला सोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. २०२१ च्या सुरुवातीला, किनगावच्या अपघाताच्या महिनाभर आधी, या भागातून दिल्लीच्या आदर्शनगरला केळी घेऊन किसान रेल्वे सुटल्या, भाड्यात निम्मी सवलत होती. कौतुकाचे फोटो आले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फळाची जात, गोडी, पॅकिंग, तापमान यांवर इथे शिबिरं होतात. मजूर परत कसे जातात यावर एखादं शिबिर झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

खर्चाचं म्हणाल तर ट्रकभर फळाच्या किमतीपुढे वीस माणसांना घरी सोडणाऱ्या एका पिकअपचं भाडं किती? तेही मालवाहूच असेल तर उपयोग नाही, माणसांची गाडी हवी. सौदा ठरतो तेव्हा टनाचा भाव ठरतो, हमाली ठरते, कटती ठरते, ताडपत्रीचंही ठरतं. तिथेच परतीच्या गाडीचं ठरलं पाहिजे, आणि बागवाल्याने ते विचारलं पाहिजे, कारण व्यापारी स्वतःहून काढणार नाही. बाजार समितीने हा खर्च सौद्यातला ठरलेला भाग करावा. मजुरांची नावं एका कागदावर लिहून त्यावर व्यापाऱ्याची सही घेऊन तो बिल्टीबरोबर जोडावा. यात नवा कायदा लागत नाही.

आता ज्यांच्या घरचं माणूस अशा गाडीवर होतं किंवा उद्या असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सरकारी मदतीचा धनादेश घेतला म्हणून दाव्याचा हक्क जात नाही, आणि तो धनादेश देताना कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका. दुसरं, १ एप्रिल २०२२ पासून झालेल्या बदलाने मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणापुढचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. त्या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत अशा गोष्टी काढायच्या नाहीत असा रिवाज आहे. तेरावं झालं की वकिलाकडे जा, आणि जाताना मुकादमाची डायरी बरोबर न्या.